मामांची ड्यूटी कधी आहे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय 46. वडील 75 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. तरुणपणी हौशी संघातून राज्य नाट्य स्पर्धेत कामं केलेली, नाटक म्हणजे जीव की प्राण. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं बरंचसं सुधारलं, उजवी बाजू मात्र अधू राहिली आणि ते व्हीलचेअरवर आले. गावातल्या नाट्यगृहाला दर्शनी सात पायऱ्या आहेत, रॅम्प नाही. तरी दोन वर्षांत बाप-लेकीनं आठ नाटकं पाहिली, ती तिथल्या माणसांच्या जोरावर. दारावरचे डोअरकीपर मामा आणि पार्किंगचा एक मुलगा खुर्चीसकट बाबांना उचलून वर नेतात. मामा कडेच्या वाटेत बाबांची खुर्ची लावून देतात आणि मुलीला बसायला स्वतःचं स्टूल देतात. मामांची ड्यूटी फोनवर विचारूनच या ताई तिकिटं काढतात. गेल्या महिन्यात पाचव्या पायरीवर खुर्ची कलली. लागलं काही नाही, पण बाबांची चप्पल घरंगळत खाली गेली आणि रांगेतल्या कुणीतरी ती आणून त्यांच्या पायात घातली. परत येताना बाबा गप्प होते. घरी आल्यावर म्हणाले, "आता नाटकं पुरे. टीव्हीवर बघू." बंगळूरचा भाऊ मोठा टीव्ही पाठवायला तयार आहे. ताईंचे प्रश्न असे : बाबांची आवडच संपली असेल, तर आग्रह धरावा का? रॅम्पसाठी तक्रार करावी, तर ज्यांनी इतक्या प्रेमानं उचललं त्या मामांवरच ती शेकणार नाही का? ते कंत्राटी आहेत. आणि एका माणसासाठी कोण रॅम्प बांधणार?

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव त्या पाचव्या पायरीवर अडकला. दुसऱ्यांदा मात्र एका साध्याच वाक्यापाशी थांबले. "नाटकाच्या दिवशी बाबा बारानंतर चहा-पाणी काही घेत नाहीत, तेवढंच एक बरं, मध्यंतरात धावपळ होत नाही," असं तुम्ही सहज लिहून गेला आहात.

जरा हिशोब करून बघा. नाटक साडेपाचचं. तुम्ही घरून साडेचारला निघता, परत येईपर्यंत नऊ वाजतात. दुपारी बारा ते रात्री नऊ, असे नऊ तास तुमचे बाबा पाण्याच्या घोटाशिवाय काढतात, कारण त्या नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहात त्यांची खुर्ची जात नाही. जाते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पण ज्या माणसानं बारा वाजल्यापासून पाणी तोडलंय, त्याला उत्तर ठाऊक असणार. ज्याची नाटकाची आवड संपली आहे, तो माणूस एवढ्यासाठी नऊ तास घसा कोरडा ठेवेल का? एकदा नव्हे, आठ वेळा?

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नातलं गृहीतच मला पटत नाही. आवड संपलेली दिसत नाही. संपली असेल तर ती त्या आवडीची किंमत मोजायची ताकद. आणि ती किंमत केवढी होती हे त्यांनी तुम्हाला कळू दिलेलं नाही. (पाणी तोडण्याचं मात्र आजपासूनच बंद करा. झटका येऊन गेलेल्या माणसाला ते बरं नाही, हे तुमचे डॉक्टरही सांगतील.)

माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगते. तिला लहानपणी पोलिओ झाला. आमच्या घरात, नात्यात तिला उचलायची कुणाला कधी लाज वाटली नाही. लग्नकार्यात, देवळात, एसटीत कुणी ना कुणी पुढे व्हायचंच आणि ती हसून आभार मानायची. आम्हाला वाटायचं, किती छान चाललंय सगळं. ती चाळिशीची असताना एका रात्री अंथरुणं घालता घालता मला म्हणाली, "मला उचलतात ना, तेव्हा माझी साडी कुठवर वर गेलीय ते मला दिसत नाही. म्हणून मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत असते." इतकी वर्षं ती लोकांच्या तोंडाकडे बघत होती आणि आम्हाला ती हसताना दिसत होती. आम्ही तिला कधी विचारलंच नव्हतं. विचारायचो ते उचलणाऱ्याला, "जड नाही ना झालं?"

तुमच्या बाबांना मी ओळखत नाही. पण पस्तीस-चाळीस वर्षं वर्गात उभं राहून शिकवलेला माणूस, भर गर्दीत, अनवाणी पायानं, अर्धवट हवेत, आणि कुणीतरी अनोळखी माणूस वाकून त्यांच्या पायात चप्पल घालतोय. त्या रांगेत त्यांचे दोन-चार विद्यार्थीही असतील, लहान गावात असतातच. कुणी हसलं नसेल, सगळे हळहळले असतील. ती हळहळच त्यांना सोसली नसेल, असं मला वाटतं. चुकत असेन तर बाबा सांगतील, आणि त्यांनी सांगावं यासाठीच पुढचं लिहिते आहे.

आधी मामांबद्दल. त्यांच्याविषयी वाचून मला फार बरं वाटलं. स्वतःचं स्टूल देऊन अडीच तास दाराशी उभा राहणारा माणूस सांगून मिळत नाही. अंधारात ते बॅटरीचा उजेड आधी बाबांच्या चाकापुढे टाकतात, तोंडावर टाकत नाहीत, हेही तुम्ही लिहिलंय. हे त्यांना कुणी शिकवलं नसणार.

पण तुम्हीच लिहिता की मामांची ड्यूटी विचारून तिकिटं काढता. म्हणजे बाबांनी नाटक कुठलं आणि कधी बघायचं, हे मामांच्या पाळीवर ठरतं. मामा गावी गेले, आजारी पडले, त्यांचं कंत्राट संपलं, की बाबांसाठी नाट्यगृह बंद. तुमच्या अंदाजानं मामा पंचावन्नचे आहेत. बाबांचं वजन सत्तर किलो धरलं आणि साध्या लोखंडी घडीच्या खुर्चीचं अठरा-वीस, तर ते दोघं नव्वद किलो उचलतात. वर जाताना सात पायऱ्या, खाली येताना सात पायऱ्या. मामांच्या कमरेचं काय, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत? बाबांसारखेच मामाही "काही नाही हो" म्हणणारे असतील.

मदत करणारी माणसं चांगली असली की इमारतीचा दोष झाकला जातो. व्यवस्थापकाला विचारलंत तर तो अगदी मनापासून सांगेल, "आमच्याकडे काही अडचण नाही, आमची पोरं उचलून नेतात." त्याच्या लेखी प्रश्न सुटलेला असतो, कारण तो मामांच्या पाठीवर सुटलेला असतो. म्हणून रॅम्प मागणं ही मामांविरुद्ध तक्रार आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवण्याची ती मागणी आहे. आणि रॅम्प झाल्यावर मामांचं काम संपत नाही. उजेड दाखवणं, वाट मोकळी करणं, "सर, या" म्हणणं हे मामाच करणार. फक्त तेव्हा बाबा त्यांच्याशी दोन शब्द बोलू शकतील, श्वास रोखून बसणार नाहीत.

तरीही कंत्राटी माणसाची भीती खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. म्हणून अर्ज करण्याआधी मामांशी बोला. प्रयोगाच्या दिवशी नको, एखाद्या रिकाम्या दुपारी चहा प्यायला बोलवा आणि सरळ सांगा, "मामा, मी रॅम्पसाठी अर्ज करणार आहे. त्यात तुमचं चांगलंच लिहिणार आहे, पण नाव घालू की नको?" ते नको म्हणाले तर "आपले कर्मचारी" एवढंच लिहा. आणि एक करा, नाट्यगृहात अभिप्रायाची वही असते, तिच्यात किंवा वेगळ्या पत्रात या सगळ्यांबद्दल आधीच चांगले चार शब्द लिहून ठेवा. अर्जाच्या आधीची तारीख असलेलं ते कौतुक उद्या त्यांच्या उपयोगी पडेल.

"एका माणसासाठी कोण बांधणार" याबद्दल. पुढच्या रविवारी प्रयोग सुटताना पायऱ्यांच्या बाजूला दहा मिनिटं उभ्या राहा आणि कठडा धरून, एकेक पाय टेकत उतरणारी माणसं मोजा. आपल्या नाटकाच्या प्रेक्षकांत साठीच्या पुढचे पुष्कळ असतात. गुडघे बदललेले, काठीवाले, नुकतंच मोतीबिंदू काढलेले, पोट सांभाळत उतरणारी एखादी मुलगी. रॅम्प आणि दोन्ही बाजूंनी कठडा झाला की यातली अर्धी माणसं तिकडूनच जातील. बाबा एकटे नाहीत. एकटी पडलीत ती खुर्चीमुळे दिसून येणारी माणसं. आणि जी मुळात आलीच नाहीत ती तर मोजताही येत नाहीत.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. दर्शनी भव्य पायऱ्या ही जुन्या नाट्यगृहांची शानच मानली जायची. आपली बरीचशी नाट्यगृहं अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा आला त्या 1995 सालाच्या आधीची आहेत. पण 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत सांस्कृतिक आणि करमणुकीच्या जागाही येतात, मालक सरकार असो की खासगी. जुन्या इमारतींनाही सूट नाही : कलम 45 प्रमाणे नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत त्या सुगम, म्हणजे दिव्यांगांना सहज वापरता येतील अशा, करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, म्हणजे ही मुदत 2022 सालीच सरली. पुढे दृष्टिहीन कार्यकर्ते राजीव रतुरी यांच्या याचिकेवर 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सुगमतेचे किमान निकष हे बंधनकारकच असले पाहिजेत, नुसती शिफारस म्हणून चालणार नाही. हे मी तुम्हाला कोर्टात जा म्हणून सांगत नाही. अर्ज देताना आपण उपकार मागतोय असं वाटू नये आणि आवाज खाली जाऊ नये, एवढ्यासाठी सांगते. आणखी एक, रॅम्प वापरायला दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागत नाही. बाबांचं ओळखपत्र अजून काढलं नसेल तर इतर सवलतींसाठी जरूर काढा, पण या मागणीसाठी त्याची वाट बघत बसू नका.

आता काय करायचं ते.

सगळ्यात आधी बाबांशी बोलायचं, आणि "येणार का" असं विचारायचं नाही. त्याला "नको" हे तयार उत्तर आहे. "त्या नाट्यगृहातली सगळ्यात नकोशी गोष्ट कोणती?" असं विचारा. पायऱ्या, लघवीची पंचाईत, कडेला वाटेत बसणं, लोकांचं बघणं, की तुझी धावपळ बघवत नाही हे? विचारून गप्प राहा. झटक्यानंतर बोलायला वेळ लागतो आणि आपण घाईनं त्यांचं वाक्य पुरं करून टाकतो. ते शेवटी जे सांगतील, तिथून सुरुवात करा. समजा ते म्हणाले की पायऱ्यांचं काही नाही, पण तू त्या स्टुलावर आणि मी वाटेत, असं अवघडून काय नाटक बघायचं? तर मग तुमचा पहिला अर्ज रॅम्पचा नाही, खुर्च्यांचा आहे.

मग एका दुपारी, प्रयोग नसताना, मोजपट्टी घेऊन नाट्यगृहात जा. बाबा यायला तयार असतील तर त्यांनाही न्या. जुन्या नटाला रिकामं नाट्यगृह बघायला आवडेल. मामांना म्हणावं, बाजूचे दरवाजे दाखवा. पुष्कळदा दर्शनी भागाला पायऱ्या असतात, पण बाजूचा एखादा आपत्कालीन दरवाजा जवळजवळ जमिनीलगत असतो आणि तिथं सायकली, मोडक्या खुर्च्या नि जुने फलक रचून ठेवलेले असतात. नेपथ्याचा ट्रक लागतो तो मागचा दरवाजाही बघा, पण तिथून थेट रंगमंचावर निघाल तर प्रेक्षागृहात उतरायला पुन्हा पायऱ्या लागतात. एखादा दरवाजा एकदोन पायऱ्यांचाच निघाला, तर तिथं घडीचा पत्र्याचा रॅम्प उद्याच चालू शकतो आणि निम्मा प्रश्न सुटतो.

समोरच्या सात पायऱ्यांचं गणित मात्र नीट समजून घ्या, कारण इथं फसगत होते. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. एक पायरी सहा इंचांची धरली तर सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट, आणि रॅम्प बेचाळीस फूट, वर मधे थांबायला सपाट जागा. तो सरळ बसत नसेल तर वळणाचा करावा लागतो. जागाच नसेल तर खुर्ची वर नेणारी छोटी लिफ्ट बसवतात. हे गणित ठाऊक नसलेले लोक पायऱ्यांवर दहा फुटांची फळी टाकतात, फोटो काढतात आणि उद्घाटन करतात. तसल्या उतारावरून खुर्ची ढकलायला चार माणसं लागतात आणि उतरताना ती हातातून सुटते. तो रॅम्प पायऱ्यांहून वाईट. म्हणून अर्जात नुसतं "रॅम्प बांधा" न लिहिता "एकास बारा उताराचा, दोन्ही बाजूंनी कठडा असलेला" असं लिहा.

स्वच्छतागृहाचं दार मोजा. साध्या खुर्चीची बाहेरून रुंदी पंचवीस-सव्वीस इंच असते, आणि चाकांवरचे हात निसटायला थोडी जागा हवी. दार 90 सेंटीमीटर मोकळं हवं, आतमध्ये खुर्ची वळवायला पाच फूट, कमोडच्या बाजूला धरायला पक्का दांडा. बाबा आधारानं एक-दोन मिनिटं उभे राहू शकतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांना तो दांडा आणि रुंद दार एवढ्यानंही मोकळं वाटेल. दार पुरुषांच्या किंवा बायकांच्या भागात न ठेवता बाहेर वेगळं असेल तर उत्तम, कारण वडिलांबरोबर मुलगी असते, आईबरोबर मुलगा असतो, आणि आत कुणी जायचं ही पंचाईत तुमच्यासारख्या हजार घरांची आहे.

बसण्याच्या जागेबद्दल थोडं ठामपणे बोलते. बाबांची खुर्ची कडेच्या वाटेत लावतात, ते मामांच्या चांगुलपणानं, पण ते बरोबर नाही. धूर झाला, पळापळ झाली, तर ती वाट सगळ्यांची आहे, आणि वाटेतल्या खुर्चीवरच्या माणसाला पहिला धक्का बसणार. एखाद्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या बोल्ट काढून हलवल्या की तीन बाय चार फुटांची जागा होते, व्हीलचेअर तिथं नीट मावते आणि शेजारची खुर्ची सोबतच्या माणसाची. यात बांधकाम नाही, टेंडर नाही. पान्याचं एका सकाळचं काम आहे. बुकिंगच्या प्लॅनवर त्या जागेला नंबर द्या, ऐनवेळेपर्यंत कुणी मागितली नाही तर तिथं सुटी खुर्ची ठेवून विका. सगळ्या मागण्यांत ही सर्वात लवकर मान्य होण्यासारखी, म्हणून अर्जात हिला पहिली ठेवा.

अर्ज. नाट्यगृह पालिकेचं असेल तर आयुक्तांच्या किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना. भाषा साधी ठेवा. साधारण असं :

"माझे वडील व्हीलचेअर वापरतात. गेल्या दोन वर्षांत आम्ही आपल्या नाट्यगृहात आठ नाटके पाहिली. आपल्या कर्मचाऱ्यांनी प्रत्येक वेळी अत्यंत आपुलकीने मदत केली, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु प्रवेशद्वाराशी सात पायऱ्या असल्याने त्यांना दर वेळी माझ्या वडिलांना खुर्चीसह उचलावे लागते. हे वडिलांच्या व कर्मचाऱ्यांच्या दोघांच्याही दृष्टीने धोक्याचे आहे. तरी एक, टोकाच्या दोन खुर्च्या हलवून व्हीलचेअरची राखीव जागा करावी. दोन, स्वच्छतागृहाचे दार रुंद करून आधाराचा दांडा बसवावा. तीन, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार योग्य उताराचा रॅम्प बांधावा. या कामांचे वेळापत्रक मला लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य गाळू नका. आवक-जावक कक्षात देऊन पोच घ्या, क्रमांक आणि शिक्का असलेली. "पैसे नाहीत" हे उत्तर येईल. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, त्यातून हे काम घ्यावं अशी मागणी अर्जातच जोडा. अंदाजपत्रकाची जुळवाजुळव हिवाळ्यात चालते, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत अर्ज आत गेलेला बरा. 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन असतो, नाट्यगृहात नगरसेवक, अधिकारी, कलावंत सगळे एकत्र भेटतात. 3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन असतो. दोन्ही दिवशी प्रत हातात देता येते. एकट्या जाऊ नका. बाबांच्या हौशी संघातले जुने सोबती असतील ना कुणी? तेही आता सत्तरीचेच असणार, त्यांचेही गुडघे दुखत असणार. त्यांच्या सह्या घ्या. दोन-तीन महिन्यांत उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात एवढंच विचारा की या इमारतीची सुगमता तपासणी कधी झाली आणि अहवालात काय आहे. त्यानंतरही हाललं नाही तर पुण्यातल्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. तिथंही तक्रार इमारतीबद्दल आहे, माणसांबद्दल नाही, हे पहिल्याच ओळीत लिहा.

या सगळ्याला वर्ष लागेल, कदाचित जास्त. तोपर्यंत बाबांना जायचं असेल, आणि उचलून घ्यायला त्यांची हरकत नसेल, तर निदान नीट उचललं जावं. पायऱ्यांवर खुर्ची हवेत धरायची नसते. चढताना खुर्चीची पाठ पायऱ्यांकडे, म्हणजे बाबांचं तोंड रस्त्याकडे. ताकदीचा माणूस वरच्या बाजूला, मागच्या दोन मुठी धरून. त्यानं खुर्ची मागच्या मोठ्या चाकांवर कलती करायची आणि एकेक पायरी, चाक टेकवत टेकवत ओढून घ्यायची. दुसरा माणूस खालून, सांगाड्याच्या पक्क्या नळीला धरून आधार देतो. उतरतानाही तोंड रस्त्याकडेच, ताकदीचा माणूस वरच, एकेक पायरी चाक सोडत. हात टेकायचे दांडे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच खुर्च्यांत निघणाऱ्या असतात, तिथं कुणी धरलं तर त्या हातात येतात. तुमच्या पाचव्या पायरीवर असंच काहीसं झालं असावं. कमरेला पट्टा बांधा, अधू उजवा हात चाकात जाणार नाही असा मांडीवर ठेवा, आणि मागच्या पट्टीची सँडल घाला, घरंगळायला नको. "एक, दोन, तीन" कुणी म्हणायचं? बाबांनी. हा माझ्या बहिणीचा नियम होता. ती "चला" म्हणेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पायऱ्या तेवढ्याच होत्या, पण ती कुणाच्या तोंडाकडे बघायची थांबली.

(बॅटरीवर चालणारी खुर्ची मात्र कुणीही पायऱ्यांवरून चढवू नये. तिचं वजन भलतंच असतं.)

प्रयोगाआधी पाऊण तास पोहोचा. गर्दी जमण्याआधी वर जाता येईल, आणि सुटताना सगळं नाट्यगृह रिकामं होईपर्यंत थांबा. रांगच नसली तर बघणारंही कुणी नसतं.

हे सदर वाचणाऱ्या आणि दुसऱ्या गावच्या नाट्यगृहात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक सांगून ठेवते. फोनवर "व्हीलचेअरची सोय आहे का" असं कधी विचारू नका. पलीकडचा माणूस प्रेमानं "हो हो, या की" म्हणतो, त्याच्या मनात उचलणारी पोरं असतात. "दारापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या?" असा आकडा विचारा. "स्वच्छतागृहाचं दार किती रुंद?" विचारा, त्याला ठाऊक नसेल तर मोजून सांगायची विनंती करा. आणि नाट्यगृहांत काम करणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून सांगते : खुर्चीतल्या माणसाशी बोला, त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलीशी नव्हे. "सरांना कुठे बसवू?" हा प्रश्न सरांनाच विचारता येतो.

भावाच्या टीव्हीबद्दल : येऊ द्या. त्यात वाईट काही नाही, पावसाळ्याच्या संध्याकाळी उपयोगाचाच आहे. भावाला त्याच्या परीनं काही करायचंय, करू द्या. पण त्या पैशातून एक बरी, हलकी खुर्चीही घेता येते का, हे त्याला विचारा. ॲल्युमिनियमच्या खुर्च्या लोखंडीपेक्षा हलक्या असतात, मामांनाही तेवढाच आराम.

आणि इतकं सगळं करून बाबा म्हणाले, "खरंच नको, मी दमतो," तर ते ऐका. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसाला दमायचा अधिकार आहे. तेव्हाही अर्ज मात्र मागे घेऊ नका. तो आता त्यांच्यापुरता राहिलेला नाही, आणि त्यावर सही करायला तुमच्या बाबांसारखा अर्जदार शोधून मिळणार नाही. शुद्धलेखन तेच तपासतील.

मला मात्र वाटतं की ते येतील. टोकाच्या दोन खुर्च्या हलल्या आणि ते दार रुंद झालं की साडेपाचच्या प्रयोगाची दोन तिकिटं काढा, शेजारशेजारची. मामांची ड्यूटी न विचारता. त्या दिवशी चार वाजता चहा ठेवा आणि बाबांच्या पुढ्यात कप नेऊन ठेवा. ते काय करतात, मला जरूर कळवा.